तीन मैल मागं

पावसाळा लागला की माझ्या मोबाइलवर इशारे येतात. अमुक रस्त्यावर अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत पाणी चढण्याचा संभव, वाहनं नेऊ नयेत, ओढ्याकाठच्या लोकांनी हलावं. वर कानडीत, खाली इंग्रजीत. धारवाडला सप्तापुरातल्या माझ्या घरात खालच्या मजल्यावर एक प्राध्यापकीणबाई राहतात. त्या म्हणतात, केवढी सोय झाली बघा, अगदी दगडापर्यंत सांगतात. मी हो म्हणते. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं हो म्हणावं, लोकांना बरं वाटतं. मग खोलीत येऊन चष्मा लावून तो इशारा पुन्हा वाचते, आकड्याखाली बोट धरून. सांगणारानं आकडा बरोबर सांगितला, हे मला पटतं. पण रस्त्याकडेच्या त्या दगडावर तोच आकडा आहे, हे कुणी जाऊन बघितलंय का, असं विचारावंसं वाटतं. विचारायचं कुणाला? इशारा देणाऱ्याला उलट फोन लागत नाही.

माझे अप्पा रस्त्याच्या गँगमध्ये होते. धारवाडहून अळणावरकडे जाणाऱ्या रस्त्याचे पहिले बारा मैल त्यांच्या गँगच्या हद्दीत. खड्डे बुजवणं, मोऱ्या साफ करणं, गटारं काढणं ही सगळ्यांचीच कामं. पण मैलाच्या दगडांना चुना देऊन वर काळ्या रंगानं आकडा काढायचा तो अप्पांनीच. हात स्थिर होता त्यांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण अक्षर असं की आमच्या वस्तीतले लोक पत्र्याच्या पेटीवर नाव घालून घ्यायला यायचे. आम्ही मूळचे हुबळीचे, घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की कानडी. अप्पा कानडीत भांडायचे, कानडीत हसायचे, बैलाला शिवीही कानडीतच द्यायचे. पण कानडी त्यांच्या तोंडात होती, हातात नव्हती.

छप्पन साली आमचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच सुमारास आमचं घर बौद्ध झालं. राज्य बदललं, धर्म बदलला, आणि काही महिन्यांनी दगडांवरचे आकडे बदलायचा हुकूम आला. बाळबोध आकडे खरवडून कानडी आकडे काढा. पहिले दोन बदल अप्पांनी सहज पेलले. तिसऱ्यात फसले.

ओव्हरसिअरनं एका कागदावर पेन्सिलीनं एकपासून नऊपर्यंत कानडी आकडे काढून दिले होते. अप्पा तो कागद टोपीत घालून हिंडायचे. ज्यांना कानडी आकडे ठाऊक नाहीत त्यांना सांगते, कानडी सहा आणि कानडी नऊ हे सख्खे भाऊ. दोन्ही आमच्या मराठी सहाच्या वळणाचे. फरक काय तो शेपटीचा. घामानं आणि घड्यांनी त्या कागदावरच्या शेपट्या पुसट झाल्या. अप्पांनी अंदाज केला, आणि अंदाज उलटा पडला. सहाव्या दगडावर नऊ चढला आणि नवव्यावर सहा.

ही चूक पहिल्यांदा पकडली ती अक्कानं. अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. नवव्या दगडापाशी ओढ्यावर मोरी होती, मोरीलगत चार खोपट्या, आणि पहिल्या खोपटीत एका कानडी बाईचं चहाचं दुकान. तिला सगळा रस्ता अक्का म्हणायचा. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी, चौथी शिकलेली, जिभेला धार. नवरा अळणावरला लाकडाच्या वखारीत कामाला होता; ओंडका अंगावर येऊन कमरेखालचा गेला तो गेलाच. बसवला की बसायचा, निजवला की निजायचा. अक्का त्याचं सगळं करून वर दुकान चालवायची.

त्या रस्त्यावर चहाची आणखी दोनतीन दुकानं होती. तिथं अप्पांचा कप वेगळा, वळचणीला खोचलेला असायचा. प्यायचा, विसळायचा आणि परत खोचायचा. अक्काकडे वळचणीला काही खोचलेलं नव्हतं. सगळ्यांना असायचे तेच कप आम्हांला. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही आभार मानले नाहीत; आभार मानले असते तर ती म्हणाली असती, चहाचे पैसे टाक आणि जा.

सुटीच्या दिवशी मी अप्पांची भाकरी घेऊन लाकडाच्या लॉरीतून तिथवर जायची. त्या दिवशी अप्पा नुकताच रंगवलेला दगड लांबून न्याहाळत होते. अक्का पदराला हात पुसत बाहेर आली, दगडाकडे बघितलं आणि हसायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुज्या अप्पानं मला तीन मैल मागं सारलं की गं. काल नव्व्या दगडाला हुतो, आज सहाव्याला.”

अप्पांना आधी खरं वाटेना. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी मॅट्रिकला होते, कानडी आकडे एसटीच्या पाट्यांवरून शिकले होते. अक्काचं खरं आहे, असं मी सांगितलं. अप्पा उकिडवे बसले. ते तेव्हा रोजंदारीवर होते. नवं राज्य जुन्या माणसांना कायम करणार, याद्या व्हायच्या आहेत, अशी बोलवा होती, आणि ओव्हरसिअर सांगत होता की ज्याला कानडी येत नाही त्याचं कठीण आहे. त्यांनी हळूच अक्काला म्हटलं, बोलू नको कुणाला. अक्का म्हणाली, मी कशाला बोलू, मला घरासकट कुणी तीन मैल हलवलं, आणि भाडं पडलं नाही ना, झालं तर.

आणि खरंच त्या चुकीनं कुणाचं काही अडलं नाही. रस्त्यावरची माणसं दगड वाचत नव्हती. त्यांच्या तोंडी जे नववा दगड होतं ते नववा दगडच राहिलं. परगावचा लॉरीवाला गोंधळला तर अक्का त्याला चहा पाजून सांगायची, लिवलंय सहा, पण हाय नऊ, हितला दगड असाच हाय. अप्पांनी पुढं ओव्हरसिअरकडे आडून आडून रंग मागितला. तो म्हणाला, आता मैल जाऊन किलोमीटर येणार आहेत, सगळेच दगड बदलायचेत, तोवर एक थेंब मिळणार नाही. मग अप्पांनी स्वतःच्या पैशानं हुबळीहून काळ्या रंगाचा छोटा डबा आणला. तो आमच्या फळीवर बसून राहिला. हुकुमाशिवाय दगडाला ब्रश लावायचा म्हणजे आधीची चूक कबूल करायची. आज करू, उद्या करू. आळसापेक्षा भीतीनं कामं जास्त राहतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी मॅट्रिक झाले आणि तीनचार वर्षं खटपट करून धारवाडला रस्त्यांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत टेलिफोनवर बसले. पावसाळ्यात तिथंच पुराची खबर घ्यायचं काम चाले. वरच्या अंगाच्या गावांहून, स्टेशनांहून फोन यायचे: अमक्या मैलाला पाणी, तमक्या दगडापाशी झाड आडवं. मी वहीत लिहायची, साहेबांना वाचून दाखवायची, आणि साहेब सांगतील तशी चिठ्ठी करून जीपच्या ड्रायव्हरला द्यायची. गावांची नावं कुणाला कुठली ठाऊक असणार. एकाच नावाची तीन गावं. त्यामुळे साहेबांचा नियम होता, खबर दगडाच्या आकड्यानंच घ्यायची आणि आकड्यानंच द्यायची. आकडा चुकत नाही, असं ते म्हणत. मी मान हलवायची आणि मला मनातून हसू यायचं. तेव्हा हसू यायचं.

पहिल्या पगारातून मी हुबळीच्या दाजीबानपेठेतून अक्कासाठी एक इरकली लुगडं आणलं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं, काठ ओढून बघितला, आणि म्हणाली की हे नेसून ती चूल फुंकणार नाही, पंचमीला नेसेल, आणि मी उंडी खायला यायचं. नागपंचमीला आमच्याकडे तिळाच्या, शेंगांच्या, रव्याच्या उंड्या करतात. तिच्या हातच्या शेंगांच्या उंड्या मला आवडायच्या.

त्या वर्षी पंचमीच्या आधीच्या आठवड्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. तीन दिवस ऊन नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला वरच्या गावाहून फोन आला. लाइन खरखरत होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला जुनी केरी आहे, म्हणजे गावतळं. तिच्या बांधाला भगदाड पडलंय, माती वाहतेय, बांध तासादोनतासांत जाईल. नवव्या दगडाच्या मोरीपाशी वस्ती आहे, ती हलवा. बोलणारानं दोनदा सांगितलं, “ओंबत्तने कल्लु.” नववा दगड. मी लिहिलं.

साहेब चांगले होते. अशा गोष्टींत साहेबाला वाईट ठरवलं की सुटल्यासारखं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगते. त्यांनी ताबडतोब जीप काढायला सांगितली. ड्रायव्हर म्हैसूरकडून बदलून आलेला, येऊन महिना झाला नव्हता. अळणावरचा रस्ता त्यानं एकदाही बघितलेला नव्हता. मी चिठ्ठीवर कानडी नऊ काढला, शेपटी नीट जिकडे हवी तिकडे काढून, आणि त्याच्या हातात दिला.

आता इथं थांबून खरं ते लिहिते. लोक म्हणतात, त्या घाईत सुचलंच नाही हो. मला सुचलं होतं. चिठ्ठी त्याच्या हातात जाताना मला सहाव्या दगडावरचा तो काळा नऊ डोळ्यांसमोर स्वच्छ दिसला. हेही ठाऊक होतं की बाकीची माणसं पाय असल्यामुळे पळतील, पण अक्काच्या नवऱ्याला जीपशिवाय कुणी उचलणार नाही, आणि त्याला टाकून अक्का हलणार नाही. सांगायचं होतं एवढंच, की नऊ लिहिलेल्या दगडाला थांबू नका, सहा लिहिलेल्याला थांबा. त्यावर साहेबांनी विचारलं असतं, असं का? आणि गँगच्या माणसांना कायम करायची यादी त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर सहीला आलेली होती. मी ती बघितली होती. अप्पांचं नाव तिच्यात होतं.

मी ड्रायव्हरला एवढंच म्हटलं, वाटेत कुणाला तरी विचारा. तीन दिवसांच्या त्या पावसात रस्त्यावर विचारायला कोण असणार होतं?

जीप परत आली तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. नऊ मैल जाऊन, माणसं भरून, नऊ मैल परत यायला एवढाच वेळ लागत नाही. ड्रायव्हर निथळत उभा राहिला. म्हणाला, नवव्या दगडापाशी उतरलो, खूप हाका मारल्या, हॉर्न वाजवला, कुणी नाही; आधीच निघून गेले असणार. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मला सांगितलं, लिहा. मी लिहिलं: नववा दगड, वस्ती रिकामी. खाली वेळ घातली. माझं अक्षर अप्पांवर गेलंय, छान आहे.

ओळ पुरी केल्यावर मला धीर आला, म्हणजे अर्धाच आला. मी म्हटलं, साहेब, ती वस्ती आणखी पुढं आहे, जीप परत पाठवायला पाहिजे. त्यांनी विचारलं, तुला कसं ठाऊक? मी म्हटलं, माझ्या ओळखीची बाई राहते तिथं. दगडाबद्दल तेव्हाही बोलले नाही. साहेबांनी वाद घातला नाही. जीप पुन्हा गेली, आणि आठव्या मैलाच्या पुढं तिला रस्ताच सापडला नाही. बांध फुटून गेला होता. मोरी गेली, खोपट्या गेल्या, दगडसुद्धा उपटून गेला. तीन खोपट्यांतली माणसं वरच्या शेतात चढून वाचली. त्यांनी सांगितलं, अक्का दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. गाडी येणार, ती म्हणत होती. सरकारला दगडाचा आकडा ठाऊक असतो.

दोघंही चार दिवसांनी सापडली, खालच्या बाजूला. तिच्या अंगावर रोजचंच लुगडं होतं. इरकली कुठं गेलं कोण जाणे.

चौकशी झाली नाही. वहीत रीतसर लिहिलेलंच होतं, वस्ती रिकामी, वेळेसकट. वस्ती रिकामी होती म्हणजे खबर पोचली होती. खबर पोचल्यावर कुणी परत गेलं असेल तर त्याला कचेरी काय करणार. मी लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. संध्याकाळपर्यंत खरं झालं. अप्पा कायम झाले.

ड्रायव्हर कुठल्या दगडाला थांबला, हे गँगमध्ये बोललं गेलं आणि अप्पांना कळायचं ते कळलं. पाऊस उघडल्यावर एका सकाळी त्यांनी फळीवरचा डबा काढला. रंग वर सायीसारखा वाळला होता. त्यात रॉकेल घालून काडीनं ढवळत बसले. मग सहा मैल चालत गेले आणि त्या दगडावरच्या नऊचा सहा केला. हुकूम नव्हता, आणि विचारायलाही कुणी आलं नाही. त्यानंतर त्या रस्त्यावर आठव्या दगडानंतर एकदम दहावा यायचा. नऊ कुठंच नव्हता. पुढं किलोमीटरचे दगड आले, ओव्हरसिअर म्हणाला होता तसे, आणि सगळं गणितच बदललं.

अप्पा पेन्शन खाऊन बरीच वर्षं जगले. पेटीवर नाव घालून घ्यायला कुणी आलं तर म्हणायचे, हात कापतो. हात कापत नव्हता. शेवटच्या दोन वर्षांत ते माझ्याकडेच होते, याच सप्तापुरात, पहिल्या भाड्याच्या खोलीत. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत, सगळ्याच गोष्टी त्या ओढ्याच्या माथी मारायच्या नाहीत. पाऊस जोराचा लागला की अप्पा अंथरुणावर उठून बसायचे. कानडी त्यांनी सोडली होती, शेजाऱ्यांशीसुद्धा मराठीत बोलायचे, आणि शेजारी समजून घ्यायचे.

एका दुपारी असाच पाऊस लागला होता. मी त्यांचे पाय चेपत होते. ते भिंतीकडे बघत म्हणाले, “अक्काला मी मारलं. माझ्या ब्रशनं मारलं.”

मी म्हटलं, असं म्हणू नका अप्पा.

ते म्हणाले, “आणि कुणी मारलं? तू तर बरोबर आकडा लिहून दिला होतास. तुझी काही चूक नाही. तेवढंच एक बरं झालं.”

एक वाक्य बोलायचं होतं. मला ठाऊक होतं, अप्पा. मला त्या वेळी आठवलं होतं आणि मी गप्प बसले. एवढं म्हटलं असतं तर त्यांच्या छातीवरचं अर्धं ओझं माझ्यावर आलं असतं, आणि ते माझंच होतं. त्यांनी कदाचित मला शिवी दिली असती, कानडीत. पण ते वर्षानुवर्षं ज्या एका गोष्टीला धरून होते, ती ही होती की पोरगी स्वच्छ आहे. ती काढून घेऊ नये असं मी मला सांगितलं. खरं म्हणजे त्यांनी माझ्याकडे तसं बघू नये, एवढंच मला हवं होतं. पहिल्यांदा गप्प बसले ती त्यांची नोकरी वाचवायला, दुसऱ्यांदा स्वतःला.

मी पाय चेपत राहिले. ते म्हणाले, जोरात दाब. मी जोरात दाबलं. त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले, सगळं स्वतःवर घेऊन.

आज सकाळी पुन्हा इशारा आला, अळणावरच्याच रस्त्याचा. किलोमीटर चौदा ते पंधरा. नऊ मैलांचे साडेचौदा होतात, मला गणित पाठ आहे. तिथं आता मोठा पूल आहे आणि वस्ती नाही. खालच्या बाईंनी जिन्यातून विचारलं, तुमच्या ओळखीचं कुणी राहतं का त्या बाजूला. मी नाही म्हटलं.